त्रिकोण ओळखता आला की भूमितीचे भय पळते

आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते. "आमच्या घरात गणित कुणालाच जमलं नाही, मग पोराला कुठून जमणार?" हे वाक्य वडील बोलतात, आई बोलते, पाहुणा आला तर त्याच्यासमोरही बोलले जाते. मूल ते ऐकते आणि मनाशी गाठ मारून ठेवते की गणित हे आपले काम नव्हे. मग भूमितीचे पान उघडले की त्याचे हातपाय गळतात. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत तर भूमितीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. तेथे गाडी अडली की पुढच्या कितीतरी वाटा अरुंद होतात. आयटीआयच्या फिटरला, डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला, नकाशा काढणाऱ्याला, सर्वांनाच कोन आणि बाजू यांच्याशी रोज गाठ पडते.

आमचे म्हणणे सरळ आहे. गणित रक्तातून येत नाही, सवयीने येते. आम्ही स्वतः कॉमर्सचे पदवीधर, पेशाने कारकून. दिवसभर नोंदी आणि बेरजा करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासवर्गात मुलांबरोबर बसतो. तेथे आम्हांला एक गोष्ट पक्की कळली आहे. भूमितीत मागे पडलेली बहुतेक मुले अवघड प्रमेयापाशी अडलेली नसतात. ती त्याच्या कितीतरी आधी, त्रिकोणाच्या नावांपाशीच अडलेली असतात. म्हणून आज एवढा एकच विषय घेऊ. बाजूंवरून आणि कोनांवरून त्रिकोण कसा ओळखावा? ज्या आईवडिलांनी चौथीत शाळा सोडली त्यांनाही हे मुलाबरोबर बसून शिकता येईल.

बाजूंवरून तीन प्रकार

त्रिकोणाला तीन बाजू आणि तीन कोन. प्रथम फक्त बाजू मोजू. तिन्ही बाजू सारख्या लांबीच्या असल्या तर तो समभुज त्रिकोण. दोन बाजू सारख्या असल्या तर समद्विभुज. तिन्ही बाजू वेगवेगळ्या असल्या तर विषमभुज.

नावे लांबलचक दिसतात म्हणून मुले घाबरतात. ती फोडून दाखवा. भुज म्हणजे बाहू, येथे बाजू. सम म्हणजे सारखे, द्वि म्हणजे दोन, विषम म्हणजे असमान. समद्विभुज म्हणजे 'सारख्या दोन बाजूंचा'. नावातच व्याख्या आली, वेगळे पाठांतर कशाला? सेमी-इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांना हेच प्रकार इक्विलॅटरल, आयसोसेलीस आणि स्केलीन या नावांनी शिकावे लागतात. त्यांतला आयसोसेलीस हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ 'सारख्या पायांचा' असा आहे. मराठी नाव समजले की इंग्रजी नावही लक्षात राहते.

रस्त्यावर धोक्याची सूचना देणारी लाल काठाची तिकोनी पाटी पाहा, ती समभुज. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आठवा, तोही समभुज, फक्त टोक खाली. त्रिकोण उलटा केला, आडवा केला, तरी त्याचा प्रकार बदलत नाही. पुस्तकात त्रिकोण नेहमी सपाट पायावर उभा काढलेला असतो. त्यामुळे परीक्षेत तो तिरपा आला की मुले त्याला ओळखत नाहीत. म्हणून घरी वही फिरवून दाखवा आणि विचारा, "आता कोणता झाला?" उत्तर तेच यायला हवे.

कोनांवरून तीन प्रकार

आता बाजू सोडून कोन पाहू. ९० अंशांचा कोन म्हणजे काटकोन, म्हणजे भिंत आणि जमीन यांच्यातला नीट कोन. त्याहून लहान तो लघुकोन, त्याहून मोठा पण १८० अंशांहून कमी तो विशालकोन. ज्या त्रिकोणाचे तिन्ही कोन लघुकोन आहेत तो लघुकोन त्रिकोण. ज्यात एक कोन काटकोन आहे तो काटकोन त्रिकोण. ज्यात एक कोन विशालकोन आहे तो विशालकोन त्रिकोण.

येथे हुशार मूल विचारील की काटकोन एकच का? दोन का नाहीत? या प्रश्नाला रागावू नका, कागद आणि कात्री द्या. कोणताही एक त्रिकोण कापा. त्याचे तिन्ही कोपरे फाडून घ्या आणि टोके एकमेकांना लावून शेजारी शेजारी ठेवा. सरळ रेघ तयार होते. म्हणजे तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. त्रिकोण लहान असो, मोठा असो, बेरीज तीच. आता दोन काटकोन घेतले तर तेथेच १८० संपले, तिसऱ्या कोनाला काही उरलेच नाही. मग त्रिकोण मिटणार कसा? विशालकोनाचेही तसेच. म्हणून त्रिकोणात काटकोन किंवा विशालकोन असला तर तो एकच असतो आणि उरलेले दोन लघुकोनच असतात.

यातूनच मुलांची नेहमीची चूक सापडते. चित्रात एक लघुकोन दिसला की मूल लगेच 'लघुकोन त्रिकोण' असे लिहून मोकळे होते. पण लघुकोन तर प्रत्येक त्रिकोणात किमान दोन असतातच! नाव ठरते ते सर्वांत मोठ्या कोनावरून. तो मोठा कोन ९० पेक्षा कमी की बरोबर ९० की जास्त, एवढेच पाहायचे. आणि मोठा कोन शोधायची खूणही सोपी आहे. सर्वांत मोठ्या बाजूच्या समोर सर्वांत मोठा कोन असतो.

दोन्ही नावे एकत्र केली तर

बाजूंवरून तीन प्रकार आणि कोनांवरून तीन, म्हणजे दोन्ही मिळून नऊ व्हायला हवेत. पण होतात सातच. कारण तिन्ही बाजू सारख्या असल्या की तिन्ही कोनही सारखे होतात, म्हणजे १८० भागिले ३, प्रत्येकी ६० अंश. म्हणून समभुज त्रिकोण हा लघुकोनच असतो, तो काटकोन किंवा विशालकोन होऊ शकत नाही. समद्विभुज मात्र तिन्ही तऱ्हांचा होतो आणि विषमभुजही तिन्ही तऱ्हांचा होतो. एक अधिक तीन अधिक तीन, सात.

मुलाच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. ते बाहेर काढा. दोन्ही काटकोन त्रिकोण. एकाचे कोन ४५, ४५, ९०, म्हणजे तो समद्विभुज काटकोन. दुसऱ्याचे ३०, ६०, ९०, म्हणजे तो विषमभुज काटकोन. ज्या वस्तू वर्षभर पेटीत पडून असतात त्याच उत्तर सांगतात.

कधी कधी प्रश्न येतो की समभुज त्रिकोणाला समद्विभुज म्हणता येईल का? त्याच्याही दोन बाजू सारख्या आहेतच की! सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी युक्लिड नावाच्या ग्रीक गणितज्ञाने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच त्रिकोणाचे हे प्रकार सांगितले. त्याने 'फक्त दोन बाजू सारख्या' तोच समद्विभुज मानला. आजचे गणिती बहुधा 'किमान दोन बाजू सारख्या' असे धरतात, त्यामुळे समभुज हा समद्विभुजातही बसतो. मुलाने गोंधळू नये. परीक्षेत तिन्ही बाजू सारख्या दिसल्या की 'समभुज' हेच नाव लिहावे, कारण ते अधिक नेमके आहे.

काड्यांचा खेळ

यासाठी खर्च काही नाही. खराट्याच्या काड्या घ्या आणि बोटाएवढ्या सारख्या लांबीचे तुकडे करा. मुलाला सांगा, बारा तुकडे घे आणि सगळे वापरून त्रिकोण कर. काडी मोडायची नाही. किती तऱ्हांचे त्रिकोण होतात?

थोडी खटपट केल्यावर तीनच सापडतात. ४-४-४ हा समभुज, ५-५-२ हा समद्विभुज आणि ३-४-५ हा विषमभुज. बारा काड्यांत बाजूंवरचे तिन्ही प्रकार हजर! मूल ६-३-३ करून पाहील, पण तीन आणि तीन मिळून सहाच होतात आणि दोन्ही बाजू आडव्या पडून तळाला चिकटतात, त्रिकोण उभा राहत नाही. हाच नियम: कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त हवी. मग चार काड्यांचा त्रिकोण करायला सांगा. तो होतच नाही. का होत नाही ते मुलालाच शोधू द्या.

आता सातही प्रकार मांडू. समभुज ४-४-४. समद्विभुज लघुकोन ५-५-२. समद्विभुज विशालकोन २-२-३. विषमभुज लघुकोन ४-५-६. विषमभुज काटकोन ३-४-५. विषमभुज विशालकोन २-३-४. हे सहा झाले, काड्या लागल्या ६७. सातवा, म्हणजे समद्विभुज काटकोन, अख्ख्या काड्यांनी कधीच होत नाही. मूल ५-५-७ मांडून म्हणेल, "झाला बघा!" डोळ्यांना तो काटकोनच वाटतो. पण तो तसा नाही. तो खरोखर हवा असेल तर चौरस रुमाल कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडा.

५-५-७ काटकोन नाही हे कशावरून? येथे डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, हिशेब करायचा. सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग करा, म्हणजे त्या संख्येला तिनेच गुणा. उरलेल्या दोन बाजूंचे वर्ग करून त्यांची बेरीज घ्या. दोन्ही सारखे आले तर काटकोन. मोठ्या बाजूचा वर्ग कमी भरला तर लघुकोन, जास्त भरला तर विशालकोन. ३-४-५ मध्ये ९ अधिक १६ बरोबर २५ आणि ५ चा वर्गही २५. काटकोन. २-३-४ मध्ये ४ अधिक ९ बरोबर १३, पण ४ चा वर्ग १६. जास्त, म्हणून विशालकोन. ४-५-६ मध्ये १६ अधिक २५ बरोबर ४१, पण ६ चा वर्ग ३६. कमी, म्हणून लघुकोन. आणि ५-५-७ मध्ये २५ अधिक २५ बरोबर ५०, तर ७ चा वर्ग ४९. एकाने हुकला. त्याचा मोठा कोन काटकोनापेक्षा सुमारे एका अंशाने लहान आहे.

हा नियम का खरा आहे ते कात्रीवरून समजते. कात्रीची पाती जसजशी उघडावी तसतसे दोन टोकांमधले अंतर वाढते. तीन आणि चार काड्यांच्या दोन बाजू घ्या आणि त्यांच्यातला कोन हळूहळू उघडा. बरोबर काटकोन झाला की टोकांतले अंतर पाच काड्या भरते. कोन त्याहून कमी उघडला तर पाचापेक्षा कमी, जास्त उघडला तर पाचापेक्षा जास्त.

मिस्त्रीचे गणित

आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या एका मुलीचे वडील गवंडीकाम करतात. एकदा ते मुलीला न्यायला आले तेव्हा फळ्यावर ३-४-५ चा त्रिकोण होता. आम्ही म्हटले, "दादा, बसा जरा. पोरीला हा प्रकार समजावून सांगा." ते संकोचले. म्हणाले, "भाऊ, आपल्याला कुठं गणित येतं!" आम्ही विचारले, "मग पाया आखताना कोपरा गुण्यात आहे की नाही ते कसं बघता?" ते लगेच बोलू लागले. "एका दोरीवर तीन फुटांची खूण, दुसऱ्या दोरीवर चार फुटांची. मधलं तिरपं अंतर पाच फूट भरलं की कोपरा गुण्यात. जागा मोठी असली तर सहा, आठ, दहा." मुलगी फळ्याकडे पाहत होती आणि वडिलांकडेही. ती म्हणाली, "पप्पा, हाच तर कर्ण!"

बंधूंनो, या माणसाला गणित येत नाही असे कोण म्हणेल? त्याला पुस्तकातले नाव ठाऊक नव्हते, एवढेच. मुलीला नाव ठाऊक होते, पण त्याचा उपयोग ठाऊक नव्हता. दोघे एका फळ्यासमोर उभे राहिले तेव्हा दोघांचेही ज्ञान पुरे झाले. आपल्या समाजात गवंडी आहेत, सुतार आहेत, फिटर आहेत, वेल्डर आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्या हातांत जी भूमिती आहे ती मुलांच्या वहीपर्यंत पोहोचत नाही, हे आमचे मोठे दुःख आहे.

एका इंचाची किंमत

कोणी म्हणेल, एखादा अंश इकडेतिकडे झाला तर काय बिघडले? हिशेब करून पाहू. तीन आणि चार फुटांच्या खुणा बरोबर केल्या, पण तिरपे अंतर पाच फुटांऐवजी पाच फूट एक इंच भरले. मोठ्या बाजूचा वर्ग जास्त झाला, म्हणजे कोपरा विशालकोन झाला. तो साधारण ९२ अंशांचा होतो. दोन अंश डोळ्याला दिसतही नाहीत. पण त्याच रेषेत १२ फुटांची भिंत उचलली तर भिंतीचे टोक सुमारे ५ इंच बाहेर जाते. मग फरशी भिंतीला लागत नाही, कडेला तिरपे तुकडे कापून बसवावे लागतात, कपाट कोपऱ्यात बसत नाही. आयुष्याची पुंजी घालून दहा बाय बाराची खोली बांधणाऱ्या माणसाचे हे नुकसान आहे, आणि बांधणाऱ्या कारागिराची मजुरी कापली जाते ते वेगळेच.

म्हणून ज्याचे घर बांधले जात आहे त्यानेही फीतपट्टी हातात घ्यावी. दहा बाय बाराच्या खोलीचे समोरासमोरचे कोपरे तिरपे मोजावे. समोरासमोरच्या भिंती सारख्या आहेत हे पाहून मग दोन्ही तिरपी मापे सारखी आली तर खोली गुण्यात आहे. १०० अधिक १४४ बरोबर २४४, तेव्हा ते माप १५ फूट ७ इंचांहून किंचित जास्त यायला हवे. एवढे तपासायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

त्रिकोण डगमगत नाही

बांधकामात त्रिकोणाला एवढा मान का? चार पट्ट्या घेऊन टोकांना एकेक खिळा मारून चौकट करा आणि ती एका बाजूने ढकला. चौकट लगेच तिरपी होते. आता तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा आणि ढकला. तो हलत नाही. कारण तीन बाजू ठरल्या की तिन्ही कोनही ठरतात, त्यांना बदलायला जागाच उरत नाही. चौकटीत मात्र बाजू त्याच राहून कोन बदलू शकतात. म्हणून पत्र्याच्या छपराखाली कैची असते, विजेच्या मनोऱ्याला तिरप्या पट्ट्या असतात, रेल्वेच्या लोखंडी पुलाला त्रिकोणांची रांग असते. फळ्यांचे दार लोंबकळू लागले की सुतार एक तिरपी पट्टी मारतो, तेव्हा तो चौकटीचे दोन त्रिकोण करीत असतो.

हे सर्व त्रिकोण एकाच प्रकारचे नसतात. भिंतीला टेकवलेली शिडी विषमभुज काटकोन त्रिकोण करते. दोन्ही बाजूंना सारख्या उताराचे, बसके छप्पर समद्विभुज विशालकोन असते. प्रकारांची नावे ही ओळख पटवण्यासाठी असतात, उतरंड लावण्यासाठी नव्हेत. समभुज दिसायला देखणा म्हणून तो विषमभुजापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. आणि कोणता त्रिकोण कोठे बसतो हे कोणाच्या सांगण्यावरून ठरत नाही, मापावरून ठरते. माप कोणीही घ्यावे, उत्तर तेच येते. गणिताची ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

पालकांनी काय करावे

पहिली गोष्ट, "आपल्याला गणित येत नाही" हे वाक्य मुलासमोर उच्चारणे बंद करावे. येत नसेल तर "चल, दोघे मिळून बघू" म्हणावे. दुसरी गोष्ट, मुलाला व्याख्या पाठ म्हणायला लावू नये. घरातल्या वस्तू दाखवून "हा कोणता त्रिकोण आणि कशावरून?" असे विचारावे. 'कशावरून' हा शब्द महत्त्वाचा. तिसरी गोष्ट, मुलींना या खेळातून वगळू नये. भाऊ काड्या मांडतो आहे आणि बहीण भांडी घासते आहे, असे चित्र दिसता कामा नये. भांडी दोघांनी घासावी, मग काड्या दोघांनी मांडाव्या.

येत्या सुट्टीच्या दिवशी तासभर दूरदर्शन संच बंद ठेवा, मोबाईल बाजूला ठेवा. खराट्याच्या ६७ काड्या आणि एक चौरस रुमाल घेऊन मुलांसह जमिनीवर बसा. सात त्रिकोण मांडा, प्रत्येकाशेजारी खडूने त्याचे पूर्ण नाव लिहायला सांगा आणि वर्गांचा हिशेब वहीत करून घ्या. शेवटी हा प्रश्न द्या: ६, ७ आणि १० काड्यांचा त्रिकोण कोणत्या प्रकारचा? डोळ्यांनी पाहून उत्तर घेऊ नका. आधी वर्ग करायला सांगा, मगच नाव.